पाण्याचे वजन

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी घेऊन एक मालगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, पाणी पाच लाख लिटर. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण मृतसाठ्याच्याही खाली गेले होते. पाण्यावरून मारामाऱ्या होतील या भीतीने शहरातल्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पुढच्या आठवड्यात पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, खेपेला २५ लाख लिटर. ‘जलदूत’ या नावाने ती ऑगस्टपर्यंत धावली. शंभरावर खेपांत तिने सुमारे २५ कोटी लिटर पाणी लातूरला पोहोचवले.

त्या गाडीने शहराला जगवले. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाघिणी वाफेने धुऊन घेणे, मिरजेत कृष्णेचे पाणी उपसून, शुद्ध करून त्या भरणे, लातूर स्थानकावर ते उतरवून घेणे, या सगळ्यासाठी रेल्वे आणि पाणीपुरवठ्याच्या माणसांनी केलेले काम कौतुकाचेच होते. पण त्या गाडीने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पाणी लांबवर नेणे म्हणजे नेमके काय, याचे एक मोजमाप तिने आपल्या हाती दिले.

२०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांवर होती. २५ लाख लिटरची अख्खी गाडी शहरात वाटली तर माणशी साडेसहा लिटर येते. पिण्याला आणि स्वयंपाकाला तेवढे पुरते, पण त्यात आंघोळ नाही की धुणे नाही. आता हेच पाणी शेताच्या मापाने मोजू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात दोन मीटरच्या आसपास उंचीचे पाणी लागते, म्हणजे एकराला सुमारे ८० लाख लिटर. एका एकराला तीन गाड्या पुरणार नाहीत, सव्वातीन लागतील. चार महिन्यांत आणलेल्या सगळ्या २५ कोटी लिटरमधून तीस-बत्तीस एकर ऊस निघाला असता. लाखो लोकांचे शहर ज्यावर एक उन्हाळा तगले, ते पाणी एका मोठ्या बागायतदाराच्या उसाला एक हंगाम पुरले असते.

लांबून पाणी आणण्याबद्दल जे काही वाद होतात, ते या एका विषमतेपाशी येऊन थांबतात. पिण्याचे पाणी आणि पिकाचे पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीसाठी जे परवडते, ते दुसरीसाठी कधीच परवडत नाही. आपल्या सभांमध्ये आणि जाहीरनाम्यांमध्ये मात्र दोन्हींना एकच नाव असते.

मे २०१६ मध्ये रेल्वेने सुमारे ६ कोटी २० लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचे चार कोटी रुपयांचे बिल काढले. लिटरला ६४ पैसे झाले. तहानलेल्या माणसाला हा भाव जड नाही, बाटलीबंद पाण्याच्या तुलनेत तर तो नगण्य आहे. पण पाण्याचा खरा घाऊक हिशेब घनमीटरमध्ये, म्हणजे हजार लिटरमध्ये करतात. त्या मापाने भाव ६४० रुपयांवर जातो, आणि या भावाने पिकवता येईल असे एकही पीक मला ठाऊक नाही. तामिळनाडूत २०१९ च्या जुलैत चेन्नईसाठी जोलारपेट्टैहून अशाच पन्नास वाघिणींच्या गाड्या सुटल्या. राजस्थानातल्या पालीला जोधपूरहून वेळोवेळी रेल्वेने पाणी गेले आहे. या सगळीकडे पाणी गेले ते घशासाठी. वावरासाठी कुणी गाडी सोडली नाही.

अडचण पाण्याच्या वजनात आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे बरोबर एक टन. तेल, कोळसा, गहू याही टनांनीच मोजायच्या वस्तू, पण त्यांच्या एका टनाची किंमत हजारो रुपये असते आणि माणसाला त्या थोड्या लागतात. पाणी लागते अफाट आणि त्याची किंमत असते नाममात्र. तेलाची जहाजे जगभर फिरतात आणि पाण्याची का नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

तरीही समुद्रमार्गाने पाणी नेण्याची स्वप्ने माणसाने भरपूर पाहिली. सौदी अरेबियाचे राजपुत्र मोहम्मद अल-फैसल यांनी अंटार्क्टिकाचे हिमनग ओढून वाळवंटापर्यंत आणायचे ठरवले होते. त्यासाठी १९७७ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथे शास्त्रज्ञांची परिषद भरली. अलास्कातून आणलेल्या हिमनगाचा एक तुकडा तिथे पाहुण्यांच्या पेयांत विरघळला, त्यापलीकडे काही झाले नाही. २०१८ मध्ये केपटाऊनचे नळ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा निक स्लोन या बुडीत जहाजे काढणाऱ्या तज्ज्ञाने हीच कल्पना नव्याने मांडली. हिमनगाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे तो किनाऱ्याजवळ येऊच शकत नाही. त्याला ओढायचे तर ताशी दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने, आणि गरम समुद्रात तो वाटेतच झिजत जाणार. कल्पना खोटी नाही, भौतिकशास्त्र तिच्या आड येत नाही. पण कोट्यवधी टनांचा बर्फ आणून तो फोडायचा, वितळवायचा आणि नळाला जोडायचा खर्च कुणी उचललेला नाही.

२००८ च्या दुष्काळात बार्सिलोनाने जहाजाने पाणी आणले. पहिल्या जहाजात दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी होते. मे महिन्यात ते बंदराला लागले, थोड्याच दिवसांत पाऊस झाला आणि प्रकरण मिटले. तुर्कस्तानातून उत्तर सायप्रसला १९९८ पासून काही वर्षे प्लास्टिकच्या अजस्र पिशव्यांत पाणी भरून त्या समुद्रातून ओढत नेत. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने पिशवी तरंगते, पण लाटांनी फाटतेही. शेवटी २०१५ मध्ये तिथे ८० किलोमीटरची जलवाहिनी समुद्रातून नेली. ती तळाशी टाकलेली नाही, पृष्ठभागाच्या सुमारे २५० मीटर खाली दोरखंडांनी अधांतरी धरून ठेवली आहे. वर्षाला साडेसात कोटी घनमीटर पाणी नेण्याची तिची क्षमता आहे. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारे आहे. २०२० च्या जानेवारीत ती वाहिनी तुटली आणि दुरुस्त व्हायला काही महिने गेले. एकाच नळीवर जगणाऱ्या प्रदेशाला हे दुखणे कायमचे चिकटते.

जमिनीवर गणित बदलते. कालवा किंवा नळ एकदा घातला की पाणी उतारावरून आपोआप वाहते आणि पुढे वजनाचा भार निसर्गच वाहतो. हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आले. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला येते, पुढे वैतरणेचेही आले. शंभर किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास उताराच्या जोरावर होतो. मुंबईएवढे शहर स्वस्तात पाणी पिते, त्याचे मोठे श्रेय शहापूरच्या डोंगरांच्या उंचीला आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही इथेच सांगितले पाहिजे. लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये ओवेन्स खोऱ्यातून पावणेचारशे किलोमीटरचा कालवा आणला, तोही पूर्ण उताराचा. त्यापायी ओवेन्स सरोवर आटले आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आजही त्या खोऱ्यातल्या माणसांच्या फुप्फुसात जाते. पाणी जिथून उचलतो तिथले लोक प्रकल्पाच्या हिशेबात क्वचितच दिसतात.

चीनने दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेण्याच्या योजनेचा मधला मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केला. दानजियांगकौ धरणापासून बीजिंग आणि तियानजिनपर्यंत १,४०० किलोमीटरहून लांब असलेला हा मार्ग जवळपास सगळा उताराचा आहे. तो उतार मिळावा म्हणून धरणाची उंची वाढवली, त्यात तीन लाखांहून अधिक माणसे उठवली आणि पीत नदी खालून बोगद्याने ओलांडली. हे पाणी मुख्यतः शहरांना जाते.

उतार नसेल तर मग पंप. इथे एक साधे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक युनिट विजेत एक घनमीटर पाणी जास्तीत जास्त ३६७ मीटर वर चढते. मोटार आणि पंपातली घट धरली तर पावणेतीनशे मीटर. सपाटीवरही नळीतले घर्षण पाण्याला अडवते, पण त्यावर उपाय आहे. तेवढेच पाणी दुप्पट व्यासाच्या नळीतून सोडले तर घर्षण सुमारे बत्तिसाव्या भागावर येते. म्हणजे अंतरावर मोठी नळी घालून, एकदाच पैसा ओतून मात करता येते. उंचीवर तशी मात करता येत नाही. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईला रोज तीच टेकडी चढावी लागते, तसे पंपाचे आहे. विजेचे बिल दर महिन्याला येते.

ऑस्ट्रेलियातल्या कलगुर्लीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १८९३ मध्ये तिथल्या वाळवंटात सोने सापडले, माणसे धावली आणि पाणी नव्हते. अभियंता सी. वाय. ओ’कॉनर यांनी पर्थजवळच्या धरणातून साडेपाचशे किलोमीटर लांबीची पोलादी वाहिनी आखली. वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपगृहे आणि तीनशे मीटरहून अधिक चढ. वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी त्यांच्यावर इतके आरोप केले की मार्च १९०२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जानेवारी १९०३ मध्ये पाणी कलगुर्लीला पोहोचले. योजनेची क्षमता दिवसाला सव्वादोन कोटी लिटरच्या वर होती, जलदूतच्या नऊ खेपांएवढी. ती वाहिनी आजही चालू आहे. हे सगळे परवडले, कारण तिच्या टोकाला सोने होते.

कॅलिफोर्नियात याच्या पुढची गोष्ट दिसते. तिथल्या राज्य जलप्रकल्पाचे पाणी दक्षिणेकडे जाताना तेहाचापी डोंगर आडवा येतो. एडमन्स्टन पंपगृहातले चौदा पंप ते पाणी एका दमात ५८७ मीटर वर फेकतात. राज्यात विजेचा सर्वांत मोठा एकटा ग्राहक हा जलप्रकल्पच आहे. पण त्या डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे कोण पाणी घेते, ते पाहावे. शेतीला जाणारे मोठे वाटे डोंगराच्या अलीकडेच, केर्न परगण्यापर्यंत उतरवले जातात. डोंगर चढून पलीकडे जाते ते मुख्यतः लॉस एंजेलिस परिसरातल्या शहरांचे पाणी. जगातल्या श्रीमंतांत श्रीमंत शेतीलाही सहाशे मीटरचा चढ झेपत नाही.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आखूड नद्यांतून तो काही तासांत समुद्राला मिळतो. घाटमाथ्याच्या पूर्वेला मराठवाडा तहानलेला. ते ‘वाया जाणारे’ पाणी घाटावर आणून गोदावरीच्या खोऱ्यात सोडावे ही मागणी भावनेने पूर्णपणे समजण्यासारखी आहे, आणि त्यासाठीचे अनेक प्रस्ताव सरकारदरबारी आहेत. प्रत्येकात उपसा कमीजास्त आहे. हिशेबासाठी ५०० मीटर धरू आणि विजेचा दर युनिटला सहा रुपये. घनमीटरला १.८ युनिट, म्हणजे सुमारे ११ रुपये. यात धरण, बोगदे, पंप, भूसंपादन, कर्जाचे व्याज काहीच नाही, नुसती वीज आहे.

माणसाला दिवसाला शंभर लिटर द्यायचे तर वर्षाला ३६.५ घनमीटर होतात आणि विजेचा खर्च येतो माणशी चारशे रुपये. हे कोणत्याही सरकारला परवडेल, परवडलेच पाहिजे. हेक्टरभर उसाला वर्षाला २० हजार घनमीटर, म्हणजे वीज २ लाख २० हजार रुपयांची. हेक्टरी ८० टन ऊस आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर शेतकऱ्याच्या हाती येतात २ लाख ४० हजार. पावसाने भागणारी गरज वजा करावी तर कालव्यातली गळती आणि बाष्पीभवन मिळवावे लागते, आणि आकडा फिरून तिथेच येतो. ठिबकने पाणी बरेच वाचते. तरीही एवढ्या महाग पाण्यावर ऊस घेणे म्हणजे विजेची साखर करणे आहे.

यावर कुणी म्हणेल की बिल सरकार भरेल. तसे आज होतेच आहे. सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या कायम दुष्काळी भागांत नेले. तिथली डाळिंबे आणि द्राक्षे पाहिली तर हे पाणी किती मोलाचे आहे हे समजते. त्यासाठी झगडलेल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण वर्षानुवर्षे थकीत वीजबिलापायी पंप बंद पडत आणि ऐन गरजेच्या वेळी आवर्तन लांबे. अखेर सरकारने बिलाचा ८१ टक्के भार स्वतःवर घेतला आणि १९ टक्के शेतकऱ्यावर ठेवला. लोकांच्या पैशाने पाणी चढवायचे असेल तर ते कोणत्या पिकाला द्यायचे, हे विचारण्याचा हक्क लोकांना मिळतो. जास्त माणसांना, कमी पाण्यात, जास्त उत्पन्न देणाऱ्या पिकांसाठी हा खर्च मी आनंदाने मान्य करीन. उसासाठी नाही.

नळी सोडून पाणी उघड्या पात्रातून नेले तर नुकसान आणखी वाढते. सोलापूरला भीमेतून पाणी पोहोचवताना शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी उजनीतून सोडावे लागत आले आहे. वाटेतली वाळू, ऊन आणि काठांवरच्या मोटारी आपापला वाटा घेतात. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सुटते तेव्हाही कोर्टकचेऱ्या होतात त्या इकडच्या-तिकडच्या हक्कावरून, आणि भांडणातल्या पाण्याचा मोठा वाटा मधल्या मधे नदी पिऊन टाकते. पिण्याचे पाणी बंद नळातून न्यावे, हा त्यातून निघणारा साधा निष्कर्ष आहे.

पाणी हलवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र नळीतून जात नाही. लंडनचे भूगोलाचे प्राध्यापक टोनी अॅलन यांनी १९९० च्या दशकात ‘आभासी पाणी’ ही कल्पना रुजवली. २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. त्यांचे म्हणणे असे, की कोरडे देश धान्य आयात करतात तेव्हा खरे तर ते पाणीच आयात करत असतात. एक किलो गहू पिकवायला साधारण हजार लिटर पाणी लागते. अडीच हजार टन गव्हाची एक मालगाडी म्हणजे २५ लाख घनमीटर पाणी. जलदूतच्या एका खेपेत अडीच हजार घनमीटर मावत. वजन तेवढेच, रूळही तेच, आणि पाणी हजार पट.

हा व्यवहार उलट्या दिशेनेही होतो. वरच्याच आकड्यांनी एक टन साखरेमागे, दहा टन ऊस धरून, अडीच हजार घनमीटर पाणी पडते. म्हणजे टनाला एक जलदूत. दहा टनांचा साखरेचा ट्रक मराठवाड्यातून बाहेर जातो तेव्हा दहा गाड्या पाणी मराठवाडा सोडते. त्यातले काही पावसाचे असते हे खरे, पण उरलेले धरणांचे आणि विहिरींचे असते. राज्यातल्या पिकांखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. ज्वारी, तूर, हरभरा यांना हमखास भाव आणि हमखास खरेदी नाही, उसाला आहे. म्हणून शेतकरी ऊस लावतो आणि त्यात त्याची चूक नाही. तुरीच्या खरेदीवर घालवलेला एक रुपया घाटावर पाणी चढवणाऱ्या पंपाच्या रुपयापेक्षा जास्त पाणी मिळवून देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक विसंगती मला सतत खटकते. कोकणातून पाणी वर आणण्याच्या योजना आपण आखतो, आणि त्याच सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी आपणच खाली सोडतो. कोयनेतून वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला जाते. मुळशी आणि लोणावळा परिसरातल्या टाटांच्या धरणांचे पाणीही भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळते. पावणेपाचशे मीटर खाली पडणाऱ्या एका घनमीटरमधून एक-सव्वा युनिट वीज मिळते, आणि दुसरे घनमीटर तेवढेच वर आणायला पावणेदोन युनिट लागतात. मुळात वर असलेले पाणी वरच ठेवणे हा जास्त सोपा मार्ग दिसतो.

तो पूर्ण मोकळा नाही. कृष्णेच्या पाण्याचे राज्याराज्यांतले वाटप लवादाने ठरवले आहे. वीजनिर्मितीनंतर खाली गेलेले पाणीही वाया जात नाही. उल्हास नदीवर कल्याण-अंबरनाथसारखी शहरे त्या पाण्यावर जगतात आणि कुंडलिकेकाठी रोह्याचे कारखाने चालतात. त्यांचा वाटा राखून, टंचाईच्या वर्षी काही टीएमसी पाणी पूर्वेला ठेवता येईल का, हा प्रश्न मात्र आकड्यांनिशी सोडवता येण्यासारखा आहे. त्यात बुडणारी वीज दुसरीकडून आणता येईल, कारण ती तारेतून हजार किलोमीटर येते आणि तिला वजन नसते.